झेवियर नावाचा प्रवास

मुंबईच्या धोबी तलावाजवळचं ‘झेवियर्स’ सगळ्यांना ठाऊक असतं. नावामागचा माणूस मात्र गोव्याबाहेर फारसा कोणी विचारत नाही.

फ्रान्सिस झेवियर हे जेझुइट, म्हणजे ‘येशूसंघ’ या कॅथलिक धर्मसंघाचे धर्मप्रसारक. त्यांचा जन्म 1506 चा, आज स्पेनमध्ये असलेल्या नवारातल्या हावियेर गढीत. 1542 च्या मे महिन्यात ते गोव्यात उतरले आणि पुढची दहा वर्षं बहुतेक फिरतीवरच गेली: मच्छीमारांची तामिळ किनारपट्टी, मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या दाराशी, सांचियन बेटावर ते वारले. 1622 मध्ये रोमने त्यांना संतपद दिलं. चित्रकार रुबेन्सने अँटवर्पच्या जेझुइट चर्चसाठी त्यांच्या चमत्कारांचं भलंमोठं चित्र रंगवलं ते त्याच्याही आधी. आज ते व्हिएन्नात आहे. प्रचारयंत्रणा किती तत्पर होती बघा!

गंमत म्हणजे त्यांचं शव जुन्या गोव्यातल्या ज्या चर्चमध्ये आहे, त्याला नाव बाळ येशूचं: बॉम जेझू. तिथली समाधी निवांत पाहण्यासारखी आहे. वरची चांदीची पेटी गोव्याच्याच सोनारांनी 1636-37 मध्ये घडवली. खालचा रंगीत संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याचा. टस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो याने तो पाठवला आणि 1698 मध्ये तो इथे उभा राहिला. संताच्या डोक्याखालची उशी मिळाल्याची ही परतफेड, असं सांगतात. चौथऱ्यावरच्या ब्राँझच्या चार पट्ट्यांत त्यांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, पण त्या बऱ्याच उंचावर असल्याने गर्दीत कुणाचं लक्ष जात नाही.

शाळा-कॉलेजांच्या पाट्या फार नंतरच्या. कोलकात्याचं सेंट झेवियर्स 1860 चं, मुंबईचं 1869 चं. मुंबईत सुरुवात जर्मन जेझुइटांनी केली. पहिल्या महायुद्धात जर्मन फादरांची गच्छंती झाली, पुढे स्पेनचे आले. त्यांतल्याच फादर हेरास यांनी 1926 मध्ये इतिहास संशोधन संस्था काढली. म्हणजे नाव संताचं, उभारणी त्यांच्या संघाची.

गोव्यात मात्र हे नाव नुसतं पाटीवरचं नाही. भाविकांचा तो ‘गोंयचो सायब’. 3 डिसेंबरच्या फेस्ताला इतर धर्मांचे लोकही येतात. दुसरीकडे, 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, मागणारेही हेच. ते 1560 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आलं, तरी तो राग अजून धुमसतो. 2024 च्या शवप्रदर्शनाआधी अवशेषांची डीएनए चाचणी करा, अशी मागणी झाली आणि तिच्या निषेधात गोव्यात लोक रस्त्यावर उतरले.