सह्याद्रीचा पाऊस, तंजावरचा भात

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तंजावरला गेलात तर एक गोष्ट कोड्यात टाकते. आभाळ कोरडं ठणठणीत असतं. बृहदीश्वराच्या अंगणातल्या दगडावर अनवाणी पाय ठेववत नाही. आणि त्याच देवळाजवळून जाणारा कालवा मात्र भरून वाहत असतो. पाऊस पडलेला नाही, तरी शेतकरी भाताची रोपं टाकायच्या गडबडीत असतो.

हे पाणी बहुतेक कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्गच्या) डोंगरांतलं, म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचं. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला धडकून पश्चिमेकडे रिकामे होतात आणि पलीकडे उतरताना कोरडे पडतात. आपल्या माणदेशाची जी कहाणी, तीच जून ते सप्टेंबरात तंजावरची. फरक एवढाच की तळकावेरीला उगम पावलेली कावेरी तो पाऊस पूर्वेला घेऊन येते. तंजावरचा स्वतःचा पाऊस येतो तो ऑक्टोबरनंतर. वारे उलटे फिरतात, बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलतात आणि वर्षाच्या पावसातला निम्म्याहून अधिक भाग डिसेंबरपर्यंत ओतून जातात.

म्हणजे या गावाला दोन पावसाळे मिळतात, एक नदीतून येणारा आणि दुसरा आभाळातून. भाताची पिकंही त्याच हिशेबाने बसवलेली आहेत. कुरुवै हे कमी दिवसांचं पीक जूनमध्ये नदीच्या भरवशावर लावायचं. सांबा हे लांब मुदतीचं पीक ऑगस्टच्या सुमारास लावायचं, म्हणजे पुढचा परतीचा पाऊस त्याला मिळतो आणि जानेवारीत पोंगलच्या आसपास ते कापणीला येतं. १९३४ साली मेट्टूरचं धरण झालं, तेव्हापासून नदीच्या पावसाळ्याला तारीखही मिळाली. धरणात साठा असेल तर १२ जूनला दरवाजे उघडतात. साठा नसला की तारीख पुढे जाते आणि कुरुवै बुडतं. कर्नाटक आणि तमिळनाडूतला कावेरीचा तंटा दूरवरून राजकारणच वाटतो. पण २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी सोडावं असा निकाल दिला, तेव्हा तंजावरच्या शेतकऱ्याचा प्रश्न एवढाच होता की त्यातलं जूनमध्ये किती येणार.

पाणी नदीत आलं म्हणजे शेतात आलं असं होत नाही. मला या सगळ्या प्रदेशातली सर्वांत बुद्धिमान वस्तू वाटते ती कल्लणै. तिचा अर्थच ‘दगडी बांध’. परंपरा तिचं श्रेय करिकाल चोळ राजाला देते, म्हणजे सुमारे १,८०० वर्षांपूर्वीच्या काळाला. ती काय करते हे समजण्यासाठी आधी नदीची खोड समजून घ्यायला हवी.

तिरुच्चीच्या वर मुक्कोंबूला कावेरी दुभंगते. उत्तरेची शाखा कोळ्ळिडम, दक्षिणेची कावेरी, आणि दोघींच्या मध्ये श्रीरंगमचं बेट. बेट संपतं तिथे दोघी पुन्हा अगदी जवळ येतात. आता कोळ्ळिडमचं पात्र सखल आणि जास्त उताराचं, तर कावेरीचं उंचावर. पाणी सोपी वाट धरतं. मोकळं सोडलं तर कावेरीतलं पाणी मधल्या फटीतून कोळ्ळिडममध्ये घसरेल आणि थेट समुद्राला मिळेल. खालचा सगळा भातपट्टा कोरडा राहील. कल्लणै त्या फटीत बांधली आहे. म्हणजे ती नदी अडवणारी भिंत नाही, नदीला घसरू न देणारा कठडा आहे. पाणी कमी असेल तेव्हा ते कावेरीतच राहतं. महापूर आला की जादा पाणी कठड्यावरून उडी मारून कोळ्ळिडममध्ये जातं आणि शेतं वाचतात. उघडझाप करायला दरवाजा नाही, माणूसही नाही. बांधाची उंचीच सगळा निर्णय घेते. (आज तिथे दिसणारे दरवाजे एकोणिसाव्या शतकापासून चढवलेले आहेत.)

आणि हे उभं कशावर आहे? वाळूवर. पाया खणायला गेलं तर खडक लागतच नाही. मग जुन्या कारागिरांनी वाळूलाच कामाला लावलं. पात्रात मोठाले धोंडे टाकायचे. प्रवाह त्यांच्याखालची वाळू खरवडतो, धोंडे खाली बसतात. त्यांच्यावर पुन्हा धोंडे. होता होता एक वेळ अशी येते की प्रवाहाला खरवडायला काही उरत नाही आणि थर स्थिर होतो. मग वर मातीत बसवलेलं दगडकाम. नदीने स्वतःच्या हाताने पाया भरून द्यायचा, असा हा प्रकार. सुमारे ३२९ मीटर लांबीचा हा बांध आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने बारकाईने पाहिला. अथांग वाळूत पाया कसा घालावा हे आपण इथल्या जुन्या बांधकाम करणाऱ्यांकडून शिकलो, हे त्याने पुढे मोकळेपणाने लिहून ठेवलं. तीच शिकवण घेऊन त्याने धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा घातला. त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या आपल्या गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातली भातशेतीही अशी कावेरीची ऋणी आहे.

कल्लणैच्या खाली कावेरी हाताच्या बोटांसारखी पसरत जाते. तंजावरच्या उत्तरेला तिरुवैयारू आहे, त्या नावाचा अर्थच ‘पाच नद्यांचं पवित्र गाव’. गंमत अशी की त्रिभुज प्रदेशात नद्या आजूबाजूच्या शेतांपेक्षा थोड्या उंचावरून वाहतात. पूर आला की जड गाळ आधी काठालाच पडतो, काठ वर्षानुवर्षं उंचावत जातात. म्हणून काठाला तोंड फोडलं की पाणी आपोआप शेतात उतरतं, मोट लागत नाही. तंजावर समुद्रसपाटीपासून साठ मीटरांच्या आतबाहेर आहे. तिथून नागपट्टणमच्या किनाऱ्यापर्यंत किलोमीटरमागे एक मीटरही उतार नाही. एवढ्या जेमतेम उतारावर हजारो गावांना पाणी वाटायचं, तर मोजमाप आणि हिशेब चोख हवाच.

शहर स्वतः मात्र गाळात बसलेलं नाही. त्याच्या नैर्ऋत्येला वल्लमचं जांभ्याचं माळरान चढत जातं. तिथे सापडणारे स्फटिक घासून एके काळी चष्म्याच्या काचा करत. हा माळ जिथे संपतो आणि भातखाचरं सुरू होतात, नेमक्या त्या शिवणीवर तंजावर आहे. एका बाजूला कोरडी, टणक जमीन, दुसऱ्या बाजूला कोठार. राजधानीला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

त्या कोठाराच्या जोरावर राजराज चोळाने १०१० साली बृहदीश्वर पूर्ण केलं. साठ मीटरांहून उंच शिखर, सगळं ग्रॅनाइटचं, आणि जवळपास ग्रॅनाइटची खाण नाही. देवळाची सावली जमिनीवर पडत नाही, असं गाइड हमखास सांगतात. पडते. डिसेंबरच्या दुपारी जाऊन पाहा, पायथ्यापासून चांगली लांब पडलेली दिसेल. पण ही समजूत का रुजली याचा हिशेब मांडता येतो. शिखराचा पायथा सुमारे ३० मीटर रुंद आणि ते वर निमुळतं होत जातं. तंजावरच्या अक्षांशावर मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरपर्यंत भर दुपारी सूर्य इतका डोक्यावर असतो की टोकाची सावली पायथ्याच्या आतच संपते. अर्धं वर्ष, बाराच्या ठोक्याला, समजूत खरी ठरते!

सावलीपेक्षा मला त्या देवळाच्या भिंतींवरचे लेख जास्त थक्क करतात. देवळासाठी गावोगावच्या मंदिरांतून ४०० नर्तकी आणून वसवल्या, त्यांची यादी दगडात कोरली आहे, आणि प्रत्येकीचं घर सांगितलं आहे: दक्षिणेची वसाहत, तिची दक्षिणेची रांग, पहिलं घर, मग दुसरं, मग तिसरं. हजार वर्षांपूर्वीची घरक्रमांकाची नोंदवहीच ती. प्रत्येकीला एक वेली जमिनीचं उत्पन्न, म्हणजे १०० कलम (धान्याचं जुनं माप) भात. वेली साधारण साडेसहा एकरांची. पगार भातात, कारण गावाचा पैसा म्हणजे भातच होता.

शहराच्या पिण्याच्या पाण्याची सोय पुढे नायक राजांच्या काळात वाढली. सेवप्पा नायकाच्या नावाच्या तलावात पावसाचं पाणी साठवायचं, तिथे ते निवळलं की जमिनीखालच्या नळांतून देवळाशेजारच्या शिवगंगा तळ्यात, आणि तिथून आडांपर्यंत. पंप नाही, फक्त उतार.

१६७० च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे इथे आले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं घराणं राहिलं. देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा भलामोठा मराठी लेख आहे. ग्रॅनाइटवरची देवनागरी बोटाने चाचपताना मराठी माणसाचा गळा भरून येतो, यात नवल नाही. तो कोरवून घेणारे दुसरे सरफोजीराजे. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवलं, धन्वंतरी महालात औषधं तयार करवली, डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या. मोडी दफ्तरांचे गठ्ठे आजही तिथे वाचणाऱ्याची वाट पाहतात.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटतात ती भोसल्यांची छत्रं, रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा-अन्नछत्रं. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. तरी १८०१ मध्ये सरफोजीराजांनी रेसिडेंटला, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीला, पत्र लिहिलं: छत्रांच्या खर्चाच्या नेमणुका तेवढ्या बंद होऊ देऊ नका. तिथे काय चालतं तेही त्यांनी सविस्तर कळवलं. जात न पाहता येणाऱ्या प्रत्येकाला भात मिळतो. शिजवलेला चालत नसेल त्याला कोरडा शिधा. आजाऱ्याला वैद्य, अनाथ मुलांना शिक्षक, बाळंतिणीची देखभाल. आणि हे वाढणं मध्यरात्रीपर्यंत चालतं. मग घंटा वाजवतात आणि हाक देतात, ज्याच्या पोटात अजून अन्न गेलं नसेल त्याने यावं, त्याच्यासाठी भात काढून ठेवला आहे.