रोटर हेडचे डॅम्पर (आरसी हेलिकॉप्टर)

आरसी (रेडिओ कंट्रोल) हेलिकॉप्टरच्या मुख्य रोटरमध्ये दोन्ही ब्लेड ग्रिपना (ब्लेड धरणाऱ्या खोबणींना) जोडणारा पोलादी स्पिंडल, म्हणजे दांडा, रोटरच्या मधल्या हेड ब्लॉकच्या आरपार जातो. ब्लॉकमध्ये तो दोन्ही बाजूंना दाबून बसवलेल्या रबरी किंवा कडक प्लास्टिकच्या कड्यांवर तोललेला असतो. याच कड्या म्हणजे डॅम्पर. नाव जरा फसवे आहे. खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये डॅम्पर सहसा ब्लेडचे मागे-पुढे डोलणे शमवतो. मॉडेलमध्ये ते काम ब्लेडचा बोल्ट किती आवळला आहे यावर चालते. इथला डॅम्पर ब्लेडचे वर-खाली झुकणे रोखतो, म्हणजे बराचसा स्प्रिंगसारखा वागतो.

नरम डॅम्परवर हेलिकॉप्टर संथ व गुळगुळीत उडते, पण कमी आरपीएममध्ये रिमोटची स्टिक जोरात मारल्यास ब्लेड झुकून टेल बूमवर (शेपटीच्या नळीवर) आपटू शकते. कडक डॅम्परवर मॉडेल हुकमी वळते, मात्र कंपने वाढतात आणि फ्लायबारलेस युनिटचा (मॉडेल आपोआप स्थिर ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा) गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, कमी करावा लागू शकतो. नवशिक्याने मधला कडकपणा घ्यावा.

डॅम्पर बसवण्यापूर्वी मोटरच्या तारा सोडवाव्यात, ब्लेड काढावीत. स्पिंडल काचेवर घरंगळवून पाहावा. जरा जरी उड्या मारत गेला तरी तो बदलावा, सरळ करत बसू नये. डॅम्परला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. साध्या ग्रीसने काही रबरे फुगतात. शिम (जागा भरणाऱ्या पातळ चकत्या) दोन्ही बाजूंना सारख्याच घालाव्यात. अनेक रचनांत ग्रिपला स्पिंडलवर धरणाऱ्या बोल्टचा वॉशर स्पिंडलच्या टोकाला टेकतो, त्यामुळे बोल्ट कितीही आवळला तरी डॅम्परवरचा दाब वाढत नाही. तो शिमनेच ठरतो.

ग्रिपमधल्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये (ब्लेडची बाहेरची ओढ पेलणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये गोळ्या असलेल्या बेअरिंगमध्ये) बहुतेक चुका होतात. मोठ्या भोकाची चकती हेडकडे, लहान भोकाची बाहेर बोल्टकडे. उलट बसली तर हातात ग्रिप मोकळी फिरते, पण भार येताच अडते. हा भार थोडा नसतो: १८० ग्रॅमच्या ब्लेडचा गुरुत्वमध्य अक्षापासून ४० सेंटिमीटरवर धरला, तर २००० आरपीएमला ओढ सुमारे ३२० किलो वजनाइतकी होते. म्हणून बोल्टचे आटे अल्कोहोलने पुसून मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावायचेच. थेंब मात्र लहान हवा, नाहीतर तो बेअरिंगमध्ये उतरून गोळ्या चिकटवतो.

ग्रिपला जोडलेल्या लिंक (कोन बदलणाऱ्या काड्या) काढून एक ग्रिप बोटाने वर उचलावी. समोरची खाली गेली पाहिजे, आणि सोडताच दोन्ही आपोआप मध्यावर आल्या पाहिजेत. तिरकी राहिली तर डॅम्पर कोरडा पडला आहे किंवा शिमचा दाब जास्त झाला आहे. ग्रिप बाहेर ओढल्यावर टकटक जाणवली तर ढिलाई आहे, शिम वाढवावी.

रोटर वेग घेताना मॉडेल थोडे डगमगणे नरम डॅम्परवर नेहमीचेच. पूर्ण वेगावरही डगमग थांबत नसेल, किंवा आधी नीट जुळलेले ट्रॅकिंग (दोन्ही ब्लेड एकाच पातळीत फिरणे) सारखे बिघडत असेल, तर डॅम्पर झिजले आहेत. जोडी एकदमच बदलावी. थंडीत रबर कडक होते, त्यामुळे नाशिककडच्या जानेवारीतल्या पहाटे तेच मॉडेल मे महिन्यापेक्षा जास्त थरथरते. अशा वेळी आधी गेन एक-दोन टक्क्यांनी उतरवून पाहावा.