एनएफएचएसचा डेटा फुकट मिळतो, पण अर्ज नीट लिहा

एमए-एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय घेतला कुपोषण किंवा लसीकरण, की पुण्यातली पोरं विचारायला लागतात, डेटाला किती पैसे पडतात. शून्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (म्हणजेच एनएफएचएस) मुंबईची आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासणारी संस्था करते, पाचवी फेरी २०१९-२१ ची, सहा लाखांवर घरं, आणि त्याच्या मूळ फाइल्स डीएचएस प्रोग्राम या, अमेरिकेच्या मदतीवर उभ्या राहिलेल्या, अनेक देशांतल्या अशा सर्वेक्षणांच्या उपक्रमाच्या साइटवरून मिळतात.

नुसता पुणे जिल्ह्याचा आकडा हवा असेल तर अर्जाच्या भानगडीत पडूच नका, जिल्ह्याची फॅक्टशीट कुणालाही डाउनलोड होते.

पात्रता म्हणाल तर कामाचा हेतू संशोधनाचा पाहिजे, बास. विद्यार्थी चालतो. मार्केटिंग, धंदा यासाठी डेटा वापरता येत नाही. आधार, बोनाफाइड, अटेस्टेड झेरॉक्स असलं काही लागत नाही (आपल्याला सवयच नाही ना!). साइटवर नाव, ईमेल, संस्था टाकून अकाउंट काढायचं, मग प्रोजेक्टचं नाव आणि माहिती, मग देश निवडायचा.

सगळी गोम त्या माहितीच्या रकान्यात आहे. "एनएफएचएसचा अभ्यास करायचा आहे" एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला काय कळणार? असं लिहा: महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांची वाढ खुंटणं आणि आईचं शिक्षण यांचा संबंध बघायचाय, मुलांची फाइल वापरणार, अमुक पद्धतीने विश्लेषण करणार. जीपीएस डेटा, म्हणजे सर्वेक्षण झालेल्या वस्त्यांची नकाशावरची ठिकाणं, वेगळा मागावा लागतो, आणि कारणही द्यावं लागतं, उगाच टिक करू नका, तसंही त्यातले पॉइंट मुद्दाम सरकवलेले असतात, शहरात २ किलोमीटरपर्यंत, खेड्यात बहुतेक ५ पर्यंत, म्हणजे कोथरूड की वारजे हे त्यावरून ठरवता येत नाही.

मंजुरी ईमेलवर येते. फाइल मित्राला पेनड्राइव्हवर द्यायची नाही, सोबत काम करणाऱ्यांची नावं अर्जातच टाका, आणि नवीन प्रोजेक्टला नवी परवानगी. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबल्यावर हे सगळं काम ठप्प झालं होतं, म्हणून आधी साइटवरची सूचना वाचा.

तोवर हात बसवायला मॉडेल डेटासेट, म्हणजे सरावासाठी बनवलेला नकली डेटा, घ्या, त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही, आणि यूट्यूबवरचे डीएचएसचे व्हिडिओ बघा, हाच फुकटातला इंट्रो कोर्स समजा. वेटवाला, म्हणजे प्रत्येक नोंदीला किती वजन द्यायचं ते सांगणारा व्हिडिओ तर बघाच, महिलांच्या फाइलमधला व्ही००५ हा वेटचा रकाना दहा लाखांनी भागल्याशिवाय वापरायचा नसतो.