धरायचं कोणी? रिट्रॅक्टरची पार्श्वभूमी

सिझेरियनला उभ्या केलेल्या इंटर्नच्या हातात बहुतेक वेळा डॉयनचं रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरायचं हत्यार, दिलं जातं. रुंद, वाकवलेलं पातं. त्यानं मूत्राशय खाली दाबून धरायचं, बाळाचं डोकं निघताना पातं काढून घ्यायचं, मग पुन्हा लावायचं. थोड्याच वेळात मनगट भरून येतं आणि पातं जरा सरकलं की समोरून आवाज येतो, ‘‘झोपलास का रे?’’ या जातीच्या हत्यारांच्या जन्मकथा चाळल्या, तर तीच अडचण फिरून फिरून भेटते: जखम उघडी धरायला माणूस हवा, आणि तो मिळत नाही किंवा दमतो.

सुश्रुतसंहितेत धारेची ती शस्त्रं, २०. बोथट ती यंत्रं, १०१. पण या १०१ यंत्रांत सर्वांत प्रधान कोणतं, तर हात, असं ग्रंथच सांगतो. तरी हात पुरत नाही अशा जागा होत्याच. मूळव्याधीसाठीचं अर्शोयंत्र गाईच्या सडाच्या आकाराचं, चार अंगुळं लांब. त्याला दोन छिद्रं: एकातून बघायचं, दुसऱ्यातून कोंब जाळणारा क्षार लावायचा. रोमन वैद्यांची सोय आणखी यांत्रिक होती. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत योनिमार्ग उघडा धरणारी कांस्याची हत्यारं सापडली. स्क्रू फिरवला की पाती फाकतात.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र अमेरिकेतली आहे. १८४५ साली अलाबामातल्या माँटगोमेरी गावी जेम्स मॅरियन सिम्स यांनी कथिलाचा चमचा वाकवून त्याच्या दांड्यानं योनीची भिंत बाजूला केली आणि आतला फिस्ट्युला त्यांना स्पष्ट दिसला. अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशयाला भोक पडून लघवी सतत गळत राहायची. त्यावर इलाज नव्हता. सिम्स यांनी प्रयोग केले ते गुलाम स्त्रियांवर. अनार्का, बेट्सी आणि लुसी ही तीन नावं आपल्याला माहीत आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या, त्याही भूल न देता. मदतीला येणारे डॉक्टर पुढे कंटाळून यायचे थांबले, तेव्हा याच स्त्रियांना शिकवून एकमेकींच्या ऑपरेशनला मदतीला उभं केलं गेलं. १८४९ मध्ये चांदीच्या तारेचे टाके टिकले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्स यांचा पुतळा २०१८ साली हलवला गेला. त्या वाकवलेल्या चमच्यावरून घडलेलं सिम्स स्पेक्युलम आजही आपल्या प्रत्येक स्त्रीरोग ओपीडीच्या ट्रेमध्ये असतं, आणि हे सगळं ठाऊक असूनही त्याला पर्याय शोधावासा वाटत नाही इतकं ते कामाचं आहे.

१८४६ मध्ये बोस्टनला भुलीचं ईथर आलं, १८६७ मध्ये लिस्टर यांचं जंतू मारणारं कार्बोलिक. तोवर सर्जनची खरी कसोटी वेग हीच होती. आता पोट उघडून सावकाश काम करता येऊ लागलं. मग रिट्रॅक्टरांची रांगच लागली. बर्लिनच्या लांगेनबेक यांचं अरुंद काटकोनी, फिलाडेल्फियाच्या डीव्हर यांचं प्रश्नचिन्हासारखं. सगळी हातानं ओढायची.

हात मोकळा केला तो ऑस्ट्रियातल्या फ्रान्झ वाइटलानर यांनी, १९०५ च्या सुमारास. त्यांच्या हत्याराची मूठ कात्रीसारखी, टोकं बाहेर वळलेल्या बोटांसारखी. मूठ दाबली की टोकं फाकतात आणि रॅचेट, म्हणजे दातेरी खटका, कटकट करत तिथंच अडकतं. असिस्टंटशिवाय ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला आणखी काय हवं! १९१२ मध्ये मेयो क्लिनिकच्या डोनाल्ड बाल्फोर यांनी पोटासाठी तसंच मोठं हत्यार केलं. १९३६ मध्ये ब्वेनोस आइरेसच्या एन्रिके फिनोचिएत्तो यांनी बरगड्यांसाठी दातेरी पट्टी आणि फिरवायचा दांडा जोडला. तो दांडा फार हळू फिरवावा लागतो, नाहीतर बरगडी मोडते. पुढे तर ऑपरेशन टेबलालाच कडं बसवून त्यावर हवी तेवढी पाती अडकवण्याची सोय झाली.

यात एक गोम आहे. इंटर्नचा हात दमतो, सैल पडतो, आणि तेवढ्यात दबलेल्या भागाला रक्त मिळतं. लोखंड दमत नाही. पोटातून गर्भाशय काढताना खोल बसलेलं पातं मांडीकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर तासभर दाबून राहिलं, तर नंतर बाईचा गुडघा जिना चढताना लचकतो. म्हणून पात्याखाली ओला मॉप, म्हणजे कापडाची घडी, घालतात, आणि ऑपरेशन लांबलं की जाणती सिस्टर आठवण करते: ‘‘सर, जरा सैल करू या का?’’