एक गाडी, तीन इंजिने आणि एक मोटर

गाडीच्या नोंदणीपत्रावर इंजिनाची घनक्षमता छापलेली असते. टाटा नेक्सॉनच्या पेट्रोल गाडीसाठी ती ११९९ घन सेंटिमीटर आहे आणि डिझेलसाठी १४९७. हे आकडे इतके अडनिडे का, असा प्रश्न पडला तर उत्तर अभियांत्रिकीच्या पुस्तकात न सापडता अर्थसंकल्पात सापडते. २००६ साली केंद्र सरकारने ‘छोटी मोटार’ ही वर्गवारी करून तिच्यावरचे उत्पादन शुल्क कमी केले. तिच्या अटी अशा होत्या : लांबी ४००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० घन सेंटिमीटरपर्यंत आणि डिझेल १५०० पर्यंत. पुढे वस्तू व सेवा कर आला तरी या मर्यादा टिकून राहिल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मर्यादेच्या आतल्या गाडीवर १८ टक्के आणि बाहेरच्या गाडीवर ४० टक्के कर लागतो, म्हणजे कुंपण उलट आणखी उंच झाले आहे. नेक्सॉनची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी ही गाडी २०१७ साली बाजारात आली आणि आज ती पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि वीज अशा चारही रूपांत मिळते. सांगाडा तोच आणि बसायची जागाही तीच असल्यामुळे चार ऊर्जास्रोतांचे स्वभाव पारखायला हे उदाहरण फार सोयीचे आहे.

पेट्रोल इंजिनाची अडचण अशी की बाराशेच्या आत राहून चौदा-पंधराशे किलोची भरलेली गाडी घाटात ओढायची आहे. इंजिनाची ताकद शेवटी ते एका फेऱ्यात किती इंधन जाळू शकते यावर ठरते आणि इंधन जाळायला हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा, हे रसायनशास्त्राचे प्रमाण आहे. सिलिंडरचा आकार वाढवता येत नसेल तर त्याच आकारात जास्त हवा कोंबणे एवढाच मार्ग उरतो आणि टर्बोचार्जर तेच काम करतो. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणारा तप्त वायू एका छोट्या चक्राला फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. या चक्रांचा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्याही वर जातो. फेरे कमी असताना मात्र बाहेर पडणारा वायूच कमी असतो, त्यामुळे चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी मेल्यासारखी वाटते आणि काटा सतराशे-अठराशेच्या पुढे सरकला की एकदम ओढ लागते. नव्या चालकाला ही गाडीची खोड वाटते. ती टर्बोची मूळ प्रकृती आहे. टर्बोचा एक फायदा सह्याद्रीतल्या माणसाला विशेष लागू पडतो. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी विरळ असते आणि साध्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात उतरते, टर्बो मात्र ही तूट बरीचशी भरून काढतो.

हे पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचे आहे. सिग्नलला गाडी उभी असताना गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवून पाहावा : बारीक, थोडी अडखळती थरथर हाताला जाणवते. मिनिटाला आठशे फेऱ्यांवर तीन सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला वीस ज्वलने होतात, तर चार सिलिंडरच्या इंजिनात जवळजवळ सत्तावीस, त्यामुळे एक धक्का आणि दुसरा धक्का यांतले अंतर तीन सिलिंडरमध्ये अधिक असते. त्याहून महत्त्वाचे कारण तोलाचे आहे. लांब बाकाच्या दोन टोकांना आणि मध्ये अशी तीन मुले बसून एका तालात, पण एकामागून एक उठू-बसू लागली, तर बाकावरचा एकूण भार बदलत नाही आणि तरीही बाक टोकांवर डुलत राहते. तीन पिस्टनांचे नेमके असेच होते. वर-खाली ओढणारी बळे एकमेकांना रद्द करतात, पण इंजिन टोकांवर डुलवणारी बळांची जोडी शिल्लक राहते. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसवलेले असते, त्याची खरी परीक्षा इथे असते. मग तीनच सिलिंडर का? कारण बाराशेची विभागणी तिघांत केली की प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे चारशे येतात, घासणारे भाग कमी होतात, वजन उतरते आणि इंजिन आखूड होते. डिझेलचे १४९७ चार सिलिंडरांत वाटलेले आहेत. ते इंजिन सुरू होताना आवाज जास्त करते हे खरे, पण हा आवाज वेगळ्या कारणाचा आहे.

डिझेलमध्ये ठिणगी नसते. नुसती हवा पंधरा-सोळा पटींहून अधिक दाबली जाते, ती इतकी तापते की फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. तो खडखडाट या पेट घेण्याचा असतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे मिश्रण फार दाबले तर ते अवेळी पेटून ‘नॉकिंग’ सुरू होते, म्हणून टर्बोला तिथे हात आखडता घ्यावा लागतो. डिझेलमध्ये दाबायला हवाच असल्याने ही भीती नाही. त्यामुळेच माहितीपत्रकातले आकडे दिशाभूल करतात. पेट्रोल १२० अश्वशक्तीचे आणि डिझेल ११५ चे, हे वाचून पेट्रोल वरचढ वाटते. पण पेट्रोलची १२० अश्वशक्ती ५५०० फेऱ्यांवर मिळते, आणि घाटात भरलेली गाडी घेऊन तिथवर इंजिन ताणणारा चालक विरळाच. टॉर्क, म्हणजे पीळ देणारे बळ, पेट्रोलला १७० न्यूटन-मीटर आहे आणि डिझेलला २६०. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. तेव्हा १७५० फेऱ्यांवर हिशेब मांडला तर पेट्रोल सुमारे ४२ अश्वशक्ती देते आणि डिझेल ६५. पेट्रोलवाल्याने एक गिअर उतरवला की हा फरक बराच मिटतो, पण कुंभार्ली घाटाच्या वळणावळणांवर दर दोन मिनिटांनी गिअर उतरवायचा की नाही, यातच ‘डिझेल गाडी ओढते’ या वाक्याचे सगळे शास्त्र आहे.

या ओढीची किंमत धुराड्यात मोजावी लागते. बीएस-४ या जुन्या प्रदूषण-मानकात डिझेल गाडीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडांची मुभा होती, एप्रिल २०२० पासून ती ८० वर आली. काजळीच्या कणांची मर्यादा २५ वरून साडेचार मिलिग्रॅमवर. काजळी अडवायला जाळीदार फिल्टर बसवावा लागतो आणि साचलेली काजळी जाळून टाकायला त्याचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावे लागते. रोज घर ते शाळा आणि शाळा ते मंडई अशा तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तेवढे तापमान कधी येतच नाही, फिल्टर तुंबत जातो आणि शेवटी दिवा लागतो. एवढी यंत्रणा छोट्या गाडीच्या किमतीत बसवणे परवडेना म्हणून मारुतीने त्याच वर्षी डिझेल सोडले. ज्याचा महिन्याचा प्रवास बहुतांशी महामार्गावरचा आहे, त्यालाच डिझेल शोभते, असे माझे मत आहे.

पेट्रोलवाल्यांची सध्याची तक्रार ॲव्हरेजची आहे आणि तिच्यात तथ्य आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर इथेनॉलमध्ये २१. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते आणि या मिश्रणात लिटरमागची ऊर्जा साधारण सात टक्क्यांनी घटते. इथेनॉल नॉकिंगला दाद देत नाही, पण त्याचा लाभ अधिक दाबाच्या, खास त्यासाठी घडवलेल्या इंजिनालाच पुरेपूर मिळतो.

सीएनजीत हा गुण याहून ठळक आहे. मिथेन नॉकिंगला फार चिवट असतो, पण तो वायू असल्याने सिलिंडरमध्ये हवेचीच सुमारे दहा टक्के जागा अडवतो. साध्या इंजिनाची सीएनजीवर चढावर दमछाक होते ती यामुळे. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या सीएनजी नेक्सॉनमध्ये टर्बो कायम ठेवला आहे, त्यामुळे टॉर्क १७० न्यूटन-मीटरच राखता आला. वरच्या फेऱ्यांवरची शक्ती मात्र १०० अश्वशक्तीवर उतरली. वायू २०० बारच्या दाबाने भरतात. एकूण ६० लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या बसवल्याने सामानाला ३२१ लिटर जागा उरते, आणि टाक्यांत साधारण नऊ किलो वायू मावतो. किलोभर सीएनजीत दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते, त्यामुळे पंपावरचा किलोचा आणि लिटरचा भाव थेट शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे आहे. टाक्यांची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते, हे गाडी घेताना क्वचितच कुणी सांगते.

विजेच्या नेक्सॉनला फेऱ्यांची वाट पाहावी लागत नाही. मोटर शून्य फेऱ्यांवरही पूर्ण टॉर्क देते, म्हणून गिअरबॉक्स नाही, क्लच नाही आणि घाटात गाडी अडकून पडल्यावर हाफ क्लचची कसरतही नाही. धुराडे नसले तरी धूर कुठेतरी निघतोच : आपल्याकडे एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे शंभर ते एकशेवीस ग्रॅम; पंधराचे ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीचा धूर दीडशेच्या घरात जातो. बॅटरी बनवताना झालेला धूर यात धरलेला नाही.

उतारावर मात्र ही गाडी बाकी तिघींना मागे टाकते. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साडेपाचशे मीटर खाली येते. दीड हजार किलोच्या गाडीसाठी ही सव्वादोन युनिट ऊर्जा झाली. पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्या ती ब्रेकच्या आणि इंजिनाच्या उष्णतेत घालवतात, तर विजेच्या गाडीची मोटर उलटी, जनित्रासारखी फिरून बॅटरी भरते. हवेचा आणि टायरचा रोध वजा जाता निम्मी जरी परत मिळाली, तरी खाली गेल्यावर सात-आठ किलोमीटरची सोय होते. अट एकच : लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून निघालेले नसावे, कारण भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालायला जागाच नसते आणि मग तिलाही संपूर्ण घाट साध्या ब्रेकवरच उतरावा लागतो.