शिव्ता

शिव्ता (ग्रीक सोबाता, अरबी सुबैता) : इस्राएलच्या दक्षिणेकडील नेगेव्ह वाळवंटातील ओसाड गाव. बीरशेबाच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किमी. वस्ती मुळात नबाती लोकांची (वाळवंटातून व्यापार करणारे प्राचीन अरब), पण आज जे उभे दिसते ते बहुतेक बायझंटिन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळातले, म्हणजे चौथ्या ते सातव्या शतकांतले. तीन चर्चमुळे शिव्ताचे नाव झाले. मात्र वर्षाला जेमतेम १०० मिमी पाऊस पडणाऱ्या ठिकाणी शेतकऱ्यांचे गाव तीन चर्च कशी पोसू शकले, हे समजायचे तर आधी पाणी पाहावे लागते.

इथली लोएस माती (वाऱ्याने वाहून आणलेली बारीक माती) पहिल्याच सरीत भिजून तिच्यावर घट्ट पापुद्रा धरतो आणि पुढचे पाणी न मुरता उतारावरून वाहते. ते दगडी पाटांनी वळवून ओढ्यातल्या पायरी-पायरीच्या शेतांत सोडत. एक हेक्टर शेताला साधारण २० ते ३० हेक्टर उताराचे पाणलोट लागे. पाणलोट छोटे असलेले बरे. मोठ्या ओढ्याचा लोंढा बांधच घेऊन जातो. शिवाय पाण्याबरोबर गाळ येऊन शेताची पातळी चढते, म्हणून बांध वेळोवेळी उंच करावे लागतात. दुरुस्ती थांबली की एका खिंडारातून खालची सगळी शेते धुपतात. पीक मुख्यतः द्राक्षांचे. गावात द्राक्षे तुडवण्याचे दगडी घाणे सापडले आहेत, आणि शेतांजवळच्या कबुतरखान्यांतली विष्ठा खत म्हणून वापरत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल इव्हनारी यांनी इथले एक जुने शेत पुन्हा उभे करून हे तंत्र चालते हे दाखवले.

गावाला तटबंदी नाही. कडेच्या घरांच्या पाठभिंती एकमेकींना भिडल्याने तिचे काम भागते. गल्ल्यांचा उतार मध्यावरच्या जोड हौदांकडे आहे, आणि घरोघरी छपराचे व अंगणाचे पाणी साठवणारे टाके आहे, आपल्याकडे गडांवर असते तसे. हौदाच्या सफाईचे काम केल्याच्या ग्रीक पावत्या खापरांवर लिहिलेल्या सापडल्या. तुळयांना लाकूड नसल्याने खोलीत ठरावीक अंतराने दगडी कमानी उभारून त्यांवर लांब फरश्या टाकत. कमान खचली की तिच्यावरच्या फरश्या एकदम खाली येतात. घरांच्या दारांवर, गणेशपट्टीच्या जागी, क्रूस कोरलेले आढळतात.

चर्चपैकी उत्तरेचे सर्वांत मोठे. पुढे चौक, मग ओसरी, आत खांबांच्या दोन रांगांनी तीन दालनांत विभागलेली बॅसिलिका (लांबट सभागृह) आणि पूर्वेला तीन अर्धवर्तुळाकार गर्भ, म्हणजे वेदीकडच्या टोकाचे मोठे कोनाडे. उत्तर व दक्षिण चर्चमध्ये आधी मधला एकच गर्भ होता, बाजूचे दोन संतांच्या अवशेषांसाठी मागाहून काढले, असे बरेच अभ्यासक मानतात. भिंतींच्या खालच्या भागाला संगमरवरी आवरण होते. नेगेव्हमध्ये संगमरवर नाही, तेव्हा हा सगळा माल बाहेरून आणलेला. बाहेरून भिंतींना दगडांचे तिरके धीरे दिले आहेत, ते बहुधा भूकंपाने भिंती सुटू लागल्यावर. दक्षिणेचे चर्च आधीच्या बांधकामांत आणि हौदांच्या शेजारी कोंबून बसवलेले, म्हणून आखडलेले दिसते. मधले चर्च उशिराचे.

उत्तर चर्चच्या बाप्तिस्मागृहात क्रूसाच्या आकाराचे कुंड आहे. तिथल्या गर्भाच्या छतावरचे चित्र इतके पुसट झाले होते की प्रकाश नेमक्या कोनातून पडेपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. आखूड कुरळे केस, लांबट चेहरा, मोठे डोळे, दाढी नाही : तरुण येशूचा हा चेहरा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या मोठ्या चेहऱ्याला बाप्तिस्मा देणारा योहान मानतात. दाढीवाल्या, लांब केसांच्या परिचित येशूपेक्षा ही परंपरा वेगळी, म्हणून पुसट असूनही हे चित्र मोलाचे.

सातव्या शतकात अरब सत्ता आल्यावरही गाव लगेच मोडले नाही. दक्षिण चर्चला लागूनच एक लहान मशीद बांधली गेली, चर्च न पाडता. पुढे वस्ती विरळ होत गेली. जाळपोळीने किंवा हल्ल्याने गाव संपल्याच्या खुणा मिळत नाहीत. उलट काही घरांची दारे दगडांनी नीट चिणलेली सापडली आहेत. २००५ मध्ये हालुत्सा, मामशित आणि आवदात या नेगेव्हमधल्या इतर प्राचीन नगरांसह शिव्ताचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.