दाणा पडला, काट्याला कळलंच नाही

अमेरिकेत नेमबाजीचा नाद असलेले अनेक जण उडवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी फेकून देत नाहीत. ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजलेली दारू आणि गोळी बसवून ती घरीच पुन्हा भरतात. (भारतात शस्त्र कायदा, 1959 नुसार हे विनापरवाना करता येत नाही.) दारू थोडी जास्त झाली तरी नळीतला दाब बराच चढतो, त्यामुळे सगळी भिस्त वजनकाट्यावर.

मोजमाप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे जेमतेम 64.8 मिलिग्रॅम. नाव परकं वाटलं तरी नातं जुनं आहे: इंग्रजांनी ठरवलेला तोळा बरोबर 180 ग्रेनचा. त्याच्या 96 गुंजा धरल्या, तर एक गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जड. काटा हवा दशांश ग्रेन ओळखणारा, म्हणजे एका गुंजेचे एकोणीस तुकडे केले तर त्यातला एक!

इथेच गिऱ्हाईक फसतं. 0.01 ग्रॅमच्या स्वस्त काट्यावर ग्रेनचं बटण असतं, पडद्यावर दशांशही उमटतो. पण त्याची एक पायरीच 0.15 ग्रेनची. आकडा सरकत नाही, उड्या मारतो.

दुसरी खोड जास्त छुपी. अशा काट्यात धातूची छोटी पट्टी वजनाने वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो. तो तापमानानेही बदलतो. मग आकडा आपोआप भरकटू नये म्हणून काही काट्यांना सावकाश होणारे बारीक बदल गिळायला शिकवलेलं असतं. आता दारूचे शेवटचे दाणे एकेक करून टाकायला घ्या. एक पडला, दुसरा पडला, तिसरा पडला, आकडा ढिम्म. वाटी उचलून परत ठेवली की खरं वजन दिसतं.

जुन्या दांडीच्या तराजूला ही खोड नाही. दांडीची पट्टी चुंबकांच्या मधून हलते, तिच्यात विद्युतप्रवाह उठतात आणि झोके लवकर शमतात. काम मात्र संथ. वेग आणि नेमकेपणा दोन्ही हवे असतील तर विद्युतचुंबकाच्या बळाने वजन तोलणारा काटा घ्यावा. तो बराच महाग पडतो. मला विचाराल तर आधी दोन-तीन ग्रॅमचं प्रमाणित वजन घ्यावं, काटा नंतर. 50 ग्रॅमच्या वजनाने काटा पारखून इतक्या हलक्या मापाची खात्री पटत नाही.

आणि पंखा बंद. सराफाचा काटा काचेच्या पेटीत असतो तो काही शोभेसाठी नव्हे.